सुताराच्या पोराचा माग

आमच्या विंगमध्ये एक जीन्स आहे, ती गेले चार महिने पाण्याला लागलेली नाही. मालकाचं म्हणणं असं की ही साधी जीन्स नाही, ती धुवायची नसते, अंगावर वापरूनच तिचा रंग उतरवायचा असतो. मालकाचा मावसभाऊ नागोयाला नोकरी करतो, त्याने दिवाळीला येताना आणली. पहिले आठ दिवस ती पॅंट भिंतीला टेकवून उभी राहायची, इतकी कडक! आता बरीच मऊ झाली आहे, पण खोलीत शिरताना वासाची तयारी ठेवावी लागते.

हा मालक पायाची घडी वर दुमडतो आणि येणाऱ्याजाणाऱ्याला आतली शिवण दाखवतो. तिथे कापडाचा पांढरा काठ आहे, त्यात एक बारीक लाल दोरा. आपल्या आजीच्या लुगड्याला असतो तसा पक्का विणलेला काठ, कुठे दशी निघत नाही. याला म्हणे सेल्व्हेज म्हणतात. आणि मग गोष्ट सुरू होते. अमेरिकेने जुने माग भंगारात काढले, जपान्यांनी ते जहाजात भरून नेले आणि आता त्यावर हे कापड विणतात वगैरे. मीही ही गोष्ट चार जणांना सांगितली होती. सेमिनारला विषय पाहिजे म्हणून खोदून पाहिलं तेव्हा कळलं की ही थाप आहे. गेली कित्येक वर्षं जगभर फिरणारी, ऐकायला छान, पण थापच. जपानातलं हे कापड ज्या जुन्या मागांवर निघतं ते बहुतेक जपानचेच आहेत, आणि त्यातल्या कितीतरी मागांच्या बिडाच्या चौकटीवर नाव आहे टोयोडा. हो, तेच. गाडीवाले टोयोटा नंतर झाले, आधी ते मागवाले होते. आणि त्याच्याही आधी सुतार.

तर ही त्या सुताराच्या पोराची गोष्ट.

साकिची टोयोडा यांचा जन्म 14 फेब्रुवारी 1867 चा. (व्हॅलेंटाईन डे! आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या लक्षात राहायला हरकत नाही.) गाव यामागुची, आजच्या शिझुओका प्रांतातल्या कोसाई शहरात येतं. सामुराईंची राजवट संपायला एकच वर्ष उरलं होतं. वडील सुतारकाम करत, थोडी शेती होती. आई घरी हातमागावर कापड विणायची. त्या भागात हे घरोघर चाले, जवळपास कापूस पिके आणि बायका दिवसभराची कामं आटोपून रात्री मागावर बसत. शाळा प्राथमिकपुरती झाली आणि पोरगा वडिलांच्या हाताखाली रंधा मारायला लागला.

इथपर्यंत ही गोष्ट कुठल्याही सुताराच्या पोराची झाली असती. पण गावातली तरुण पोरं रात्री एकत्र जमायची, वर्तमानपत्रं वाचायची, देशात काय चाललंय त्यावर बोलायची. जपान तेव्हा नुकताच दारं उघडून बसला होता. बाहेरून यंत्रं येत होती, कापड येत होतं, आणि गावातल्या सुशिक्षित-अशिक्षित सगळ्यांना एकच प्रश्न पडला होता की या पुरात आपण टिकणार कसे. सॅम्युएल स्माईल्सच्या स्वावलंबनावरच्या पुस्तकाचा जपानी अनुवाद तेव्हा फार वाचला जाई, तो या पोराच्याही हाती लागला. आणि 1885 मध्ये जपान सरकारने पेटंटचा कायदा काढला. म्हणजे डोक्यातून निघालेल्या वस्तूवर सरकार तुमचा हक्क मान्य करणार! जमीन नाही, पैसा नाही, डिग्री नाही अशा अठरा वर्षांच्या मुलाला हे कसं वाटलं असेल याची कल्पना करा. त्याने ठरवलं की आपण काहीतरी शोधून काढायचं. काय शोधायचं ते मात्र माहीत नव्हतं. आपल्याकडे बी.ई.च्या प्रोजेक्टला असतं तसंच, ग्रुप ठरतो, गाईड ठरतो, विषय तेवढा राहतो.

विषय घरातच होता. आईचा माग.

जरा मागाबद्दल सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. मेकॅनिकलवाल्यांनी आणि ज्यांच्या घरी माग आहेत त्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल. उभे धागे म्हणजे ताणा, आडवा धागा म्हणजे बाणा. बाणा कांडीवर गुंडाळलेला असतो, कांडी धोट्यात असते आणि तो धोटा ताण्याच्या मधून इकडून तिकडे, तिकडून इकडे पळतो. जाताना धागा सोडत जातो. कडेला पोचला की वळून परत येतो, म्हणून कापडाला दोन्ही बाजूंना बंद काठ मिळतो. जीन्समधला तो लाल दोरा या काठातलाच. आताच्या वेगवान मागांवर धोटा नसतोच, हवेच्या झोतानेसुद्धा बाणा फेकतात. प्रत्येक फेकीचा धागा कडेला कापला जातो, म्हणून तिथे झालर राहते.

आईच्या मागावर धोटा हाताने फेकावा लागे. एका हाताने फेकायचा, दुसऱ्या हाताने झेलायचा, मग फणी ओढून धागा ठोकायचा. रात्र रात्र बसून जेमतेम हातभर कापड. साकिची कोठारात बसून मागाची मोडतोड करू लागला. एक माग बनवायचा, चालत नाही म्हणून मोडायचा, दुसरा बनवायचा. गावात बोभाटा झाला की सुताराचा पोरगा कामातून गेला. वडिलांना ते पसंत नव्हतंच. आई तेवढी पाठीशी होती, असं त्यांच्या चरित्रांत सांगतात.

1890 मध्ये टोकियोत उएनो इथे मोठं औद्योगिक प्रदर्शन भरलं. साकिची तिथे गेला आणि रोज जात राहिला. यंत्रांच्या दालनात उभं राहायचं आणि बघायचं, एवढंच. देशी यंत्रं, परदेशी यंत्रं, कुठला दांडा कुठे जोडलाय, कुठलं चाक कशाला फिरवतंय. पहारेकऱ्यांना संशय आला अशी आख्यायिका आहे आणि ती मला खरी वाटते. आपल्याकडे इंडस्ट्रियल व्हिजिटला लोक काय बघतात ते आपल्याला माहीत आहे.

त्याच वर्षी त्याचा पहिला माग तयार झाला. लाकडी, हातानेच चालणारा, पण एका हाताने. फणीचा दांडा पुढेमागे केला की धोटा आपोआप पळायचा. दुसरा हात मोकळा. उत्पादन चाळीस ते पन्नास टक्के वाढलं आणि कापडही बरं निघू लागलं. 1891 मध्ये पेटंट मिळालं. वय चोवीस!

इथे सिनेमा असता तर गाणं लागलं असतं. प्रत्यक्षात काय झालं? साकिचींनी टोकियोत छोटा विणकामाचा कारखाना काढला आणि तो बुडाला. हातमाग सुधारला तरी शेवटी हातमागच, माणसाच्या ताकदीपुढे जात नाही. 1893 मध्ये गावी परत. लग्न झालं, तामी नावाच्या मुलीशी. पण नवरा घरी कुठे होता? तो पुन्हा यंत्राच्या मागे. 1894 मध्ये मुलगा झाला, किईचिरो. आणि थोड्याच दिवसांत तामी बाळाला सासरी ठेवून माहेरी निघून गेली ती कायमची. बाळ आजीआजोबांनी वाढवलं. मोठ्या माणसांच्या चरित्रात ही ओळ घाईघाईने उरकतात. मला ती उरकावीशी वाटत नाही. आईचे कष्ट कमी व्हावेत म्हणून ज्याने माग हाती घेतला, त्याच्याच घरातून बायको अशी गेली. तिची बाजू कुणी लिहून ठेवलेली नाही.

त्या काळात हाताला लागला तो एक साधा धागा गुंडाळण्याचा रहाट. तो विकला गेला, चार पैसे आले, नागोयात दुकान झालं. पुढे 1897 मध्ये दुसरं लग्न झालं. असाको. ही बाई फार खंबीर निघाली. कारखान्याचा हिशेब, कामगारांची सोय, देणेकरी, सगळं तिने सांभाळलं. नवऱ्याने फक्त यंत्राकडे बघायचं, हा घरातला अलिखित करार असावा.

1896 च्या अखेरीस साकिचींचा यंत्रमाग उभा राहिला. जपानी माणसाने बनवलेला पहिला. इंग्लंड-जर्मनीहून येणारे यंत्रमाग पूर्ण लोखंडी, अवजड, गावातल्या कारखानदाराला न परवडणारे. साकिचींनी चौकट लाकडाची ठेवली आणि जिथे गत्यंतरच नाही तिथेच लोखंड वापरलं. सुताराचा पोरगा ना! किंमत कमी, दुरुस्ती गावातल्या गावात. शिवाय त्यात एक गोष्ट होती जी पुढे जगभर गाजली. बाण्याचा धागा तुटला किंवा संपला की माग आपोआप थांबायचा.

थांबायचा. यात काय मोठं? विचार करा. यंत्र जितकं वेगवान तितकी त्याची चूक वेगवान. धागा तुटलाय हे कळायच्या आत माग दहा इंच खराब कापड विणून मोकळा. म्हणून प्रत्येक मागापाशी एक माणूस डोळे लावून उभा हवा. मग वाफ वापरून काय मिळवलं? माणूस यंत्राचा पहारेकरीच झाला की. साकिचींनी ही राखण यंत्रालाच शिकवली. पुढे टोयोटाच्या कारखान्यांत या कल्पनेला जिदोका हे नाव पडलं. जपानीत स्वयंचलन या शब्दात हालचाल दाखवणारं एक चित्राक्षर येतं, टोयोटावाले त्याच्या बाजूला माणसाचं चिन्ह जोडून लिहितात. उच्चार तोच, अर्थ बदलला. नुसतं हलणारं यंत्र नव्हे, चूक झाली तर कळून थांबणारं. आज टोयोटाच्या असेंब्ली लाईनवर साधा कामगारसुद्धा दोरी ओढून अख्खी लाईन थांबवू शकतो, त्याचं मूळ या लाकडी मागात आहे. आपल्या ‘प्रॉडक्शन मॅनेजमेंट’च्या पेपरला हे पाच मार्कांना येतं. लाकडी मागाचा उल्लेख मात्र कुठल्याच नोट्समध्ये नाही.

हांदा गावात एका भागीदाराबरोबर त्यांनी हे माग लावले. तिथलं कापड मित्सुई या बड्या व्यापारी कंपनीच्या नजरेत भरलं. कारण काय, तर ते एकसारखं होतं. वितीवितीला पोत बदलत नव्हता. एकसारखं, हा शब्द लक्षात ठेवा, जीन्सपाशी परत येऊ तेव्हा लागेल.

मित्सुईने पैसा लावला, 1899 मध्ये कंपनी निघाली. मंदी आली, साकिची बाहेर. 1903 मध्ये त्यांनी त्याहून मोठी गोष्ट केली, चालू मागात धोटा बदलण्याची युक्ती. कांडीवरचा धागा काही मिनिटांत संपतो. मग माग थांबवा, धोटा काढा, भरलेला घाला, पुन्हा सुरू करा. दिवसातून शेकडो वेळा. अमेरिकेत नॉर्थ्रॉप नावाच्या गृहस्थाने यावर तोड काढली होती, चालू धोट्यातली फक्त कांडी बदलायची. साकिचींनी अख्खा धोटाच बदलायचं ठरवलं. पण युक्ती कागदावर असणं वेगळं आणि गिरणीत वर्षभर चालणं वेगळं. 1905 च्या सुमाराला एका मोठ्या गिरणीत हे माग परदेशी मागांच्या शेजारी लावून चाचणी झाली आणि निकाल वाईट आला. बनवणारे हात दुसऱ्यांचे, चालवणारे दुसऱ्यांचे, दोष मात्र शोधाच्या माथी. हे त्यांना फार लागलं. यानंतर स्वतः पूर्ण पारखून घेतल्याशिवाय यंत्र बाहेर द्यायचं नाही, असा त्यांचा हट्टच झाला.

मधल्या काळात, 1906 मध्ये, एक गोल मागही झाला. यात धोटा मागेपुढे आदळत नाही, वर्तुळात सलग फिरतो. धक्का नाही, आवाज नाही, ताकद वाया जात नाही. कल्पना म्हणून मला त्यांचं हे काम सगळ्यात सुंदर वाटतं. धंद्यात ते कधीच चाललं नाही.

1907 मध्ये भांडवलदारांनी मिळून टोयोडांच्याच नावाची माग बनवणारी कंपनी काढली. साकिची तिचे तांत्रिक प्रमुख. रशियाबरोबरच्या युद्धानंतरची तेजी ओसरली, नफा घटला, आणि संचालकांना दिसू लागलं की हा माणूस नुसता प्रयोग करतो आणि खर्च करतो. 1910 मध्ये त्यांना राजीनामा द्यायला लावला. दारावर नाव टोयोडा, आणि टोयोडाच दाराबाहेर! वय त्रेचाळीस. पेटंटं कंपनीकडे. हातात काही नाही.

ते अमेरिकेला निघून गेले. तिथल्या गिरण्या पाहिल्या, नॉर्थ्रॉपचे माग चालताना पाहिले. घाबरून परत यावं अशी ही वेळ, पण झालं उलटंच. बारकाईने पाहिल्यावर त्यांची खात्री पटली की यांच्यापेक्षा आपली यंत्रं सरस आहेत. रस्त्यावर मोटारी धावताना पाहिल्या, त्याही मनात राहिल्या. न्यूयॉर्कमध्ये ॲड्रिनलीनवाले शास्त्रज्ञ जोकिची ताकामिने भेटले. परदेशात नाव काढलेला आपला माणूस! खचून गेलेल्या साकिचींना त्यांनी धीर दिला, आणि शोध लोकांच्या वापरात उतरेपर्यंत शोधणाऱ्याने तो दुसऱ्याच्या हाती सोडू नये, असं बजावलं. पुढे युरोप पाहून 1911 च्या सुरुवातीला साकिची परत आले आणि त्याच वर्षी नागोयाच्या कडेला कर्ज काढून स्वतःचा विणकामाचा कारखाना टाकला. कुटुंब कारखान्याच्या आवारातच राहायचं.

या कारखान्याकडे नीट बघा, यात खरं इंजिनिअरिंग आहे. कापड विकून पैसा करायचा आणि त्या पैशावर माग सुधारायचा, म्हणजे कुठल्या संचालकाला जाब द्यायला नको. पण अडचण अशी आली की बाजारातलं सूत कधी बरं, कधी वाईट. धागा तुटला तर दोष सुताचा की मागाचा? कळायला मार्ग नाही. लॅबमध्ये दोन व्हेरिएबल एकदम बदलले की रीडिंगचं काय होतं ते आपण जाणतोच (आणि मग शेजारच्या बॅचचं जर्नल मागतो). साकिचींनी 1914 मध्ये सूतगिरणीच काढली. मागाची चाचणी नीट व्हावी म्हणून सूतगिरणी! तेवढ्यात पहिलं महायुद्ध सुरू झालं, युरोपचं कापड आशियात यायचं थांबलं, जपानी गिरण्यांना सोन्याचे दिवस आले. 1918 मध्ये त्याची मोठी कंपनी झाली, 1921 मध्ये शांघायलाही गिरणी निघाली.

तोवर किईचिरो टोकियोच्या विद्यापीठातून मेकॅनिकल इंजिनिअर होऊन आला होता. बाप सुतार, मुलगा इंजिनिअर. बाप हाताने अंदाज घेणारा, मुलगा ड्रॉइंग काढून मोजणारा. मुलाने या शोधांच्या नादी लागू नये असं साकिचींना आधी वाटत होतं म्हणतात. स्वतः काय काय गमावलं ते माहीत असणारच. पण पोरगा ऐकतोय कसला. दोघांच्या आणि कारखान्यातल्या कारागिरांच्या मेहनतीतून 1924 मध्ये ‘जी’ मॉडेलचा स्वयंचलित माग तयार झाला. पूर्ण वेगात चालू असताना रिकामा धोटा बाहेर, भरलेला आत, मागाला पत्ता नाही. ताण्याचा एक धागा तुटला तरी थांबणार, बाणा तुटला तरी थांबणार. एक कामगार तीसहून अधिक माग बघू शकत होता. विकायला काढण्याआधी त्यांनी स्वतःच्या गिरणीत तो भरपूर चालवून पाहिला, 1905 चा चटका विसरले नव्हते. मग 1926 मध्ये कारियाला हे माग बनवणारी कंपनी निघाली.

इथे थोडं थांबलं पाहिजे. एका कामगाराने तीस माग, म्हणजे बाकीच्यांचं काय? जपानी गिरण्यांत तेव्हा बहुतेक खेड्यांतून आणलेल्या मुली असत, वसतिगृहात राहून दिवस-रात्रपाळीत राबणाऱ्या. 1929 मध्ये कायद्याने बायकांची रात्रपाळी बंद झाली, तेव्हा कमी तासांत तेवढंच कापड काढायला मालकांना असे माग हवेच होते. म्हणजे एकीकडे रात्रीची झोप मिळाली, दुसरीकडे हातांची गरज कमी झाली. साकिचींना आईचे कष्ट वाचवायचे होते, आणि ते वाचलेही. पण वाचलेल्या कष्टांचा फायदा कोणाला मिळेल, हे काही मागात बसवता येत नाही.

आता जगाची गंमत बघा. इंग्लंडमधल्या ओल्डहॅमची प्लॅट ब्रदर्स ही कापडयंत्रं बनवणाऱ्यांतली एकेकाळची जगातली सर्वांत मोठी कंपनी. मुंबईच्या गिरण्याही लँकेशायरच्याच यंत्रांवर उभ्या राहिल्या. किईचिरो 1922 मध्ये या कारखान्यात शिकायला जाऊन आला होता. सात वर्षांनी, डिसेंबर 1929 मध्ये, त्याच प्लॅटने टोयोडांच्या स्वयंचलित मागाचे हक्क एक लाख पौंडांना विकत घ्यायचा करार केला. जपान, चीन आणि अमेरिका सोडून बाकी जगासाठी. त्याच पैशातून टोयोटा गाडी निघाली असं सगळीकडे सांगतात. मला हे जरा जास्तच सुबक वाटतं, कारण मंदीमुळे प्लॅटने पुढे रक्कम कमी करून घेतली आणि गाडीत पैसा ओतला तो मुख्यतः मागांच्या कंपनीने. पण बापाने मुलाला मोटारीकडे वळवलं, हे घरच्या सगळ्या हकिकतींत आहे.

साकिची टोयोडा 30 ऑक्टोबर 1930 रोजी गेले. त्रेसष्ट वर्षांचे होते. कंपनीची पहिली गाडी त्यांनी पाहिली नाही.

जायच्या पाच वर्षं आधीची एक गोष्ट सांगायची राहिली, आणि इलेक्ट्रिकलवाल्यांनी ती वाचलीच पाहिजे. 1925 मध्ये त्यांनी दहा लाख येनचं बक्षीस लावलं, एका बॅटरीसाठी. अट अशी की तिने शंभर हॉर्सपॉवर सलग छत्तीस तास द्यावेत, वजन सव्वादोनशे किलोच्या आत आणि आकारमान दोनशे ऐंशी लिटरच्या आत. विमानात बसवून प्रशांत महासागर ओलांडता यावा! जपानात तेल नाही पण नद्या आहेत, वीज करता येते, ती साठवता आली तर देश तरेल, हा हिशेब. मी कॅल्क्युलेटर घेऊन बसलो. शंभर हॉर्सपॉवर म्हणजे सुमारे 74.6 किलोवॅट, छत्तीस तासांचे झाले 2,686 युनिट. भागिले 225. किलोमागे जवळजवळ बारा युनिट! आज आपल्या मोबाईलमध्ये असते त्या जातीची चांगली लिथियम बॅटरी किलोमागे पाव युनिटाच्या आसपास देते. म्हणजे आजच्या जवळजवळ अठ्ठेचाळीसपट. आणि पेट्रोल किती देतं? साधारण बारा-तेरा. चार यत्ता शिकलेल्या या माणसाने शंभर वर्षांपूर्वी बरोबर पेट्रोलच्या तोडीची बॅटरी मागितली होती. बक्षीस कोणालाच मिळालं नाही.

आता जीन्सकडे वळू, मालक वाट बघतोय.

साकिचींनी आयुष्यात डेनिम विणलं नाही. त्यांच्या पहिल्या यंत्रमागावर किमोनोचं अरुंद सुती कापड निघे. जपानात जीन्स आली ती दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन सैनिकांच्या जुन्या कपड्यांतून, आणि विकली गेली टोकियोतल्या उएनोजवळच्या बाजारात. हो, तेच उएनो, जिथे तेवीस वर्षांचा साकिची यंत्रं न्याहाळत उभा होता. पुढे ओकायामातल्या कोजिमा गावात, जिथे शाळेचे गणवेश शिवत, 1965 मध्ये जीन्स शिवायला सुरुवात झाली, ती अमेरिकन कापडावर. 1973 मध्ये कुराबो गिरणीने जपानी डेनिम विणलं. शेजारी फुकुयामाला कायहारा नावाचे निळीचे रंगारी होतेच, 1893 पासूनचे. त्यांनी 1970 मध्ये सुताचे दोर करून निळीत बुडवायचं यंत्र उभं केलं होतं. यात धाग्याचा गाभा पांढराच राहतो, म्हणून जीन्स झिजते तिथे पांढरी पडते.

गणवेशाचं जाड कापड विणायला त्या भागात टोयोडांच्या वंशातले धोट्याचे माग होतेच. अमेरिकन गिरण्या तोपर्यंत रुंद, वेगवान मागांकडे वळल्या. जुन्या मागावर मिनिटाला दीडशे-दोनशे फेऱ्या, नव्यावर सहाशेच्या पुढे. जुन्यावर पन्हा जेमतेम तीस इंच, नव्यावर दुप्पट. धंद्याच्या हिशेबात जुना माग मेलाच. पण 1980 च्या आसपास काही जपानी वेड्यांना 1940-50 मधल्या अमेरिकन कामगारांच्या पॅंटी, जॅकेटं जशीच्या तशी पुन्हा करायचा छंद लागला. 1979 मध्ये ओसाकात स्टुडिओ दार्तिझां सुरू झालं, मागोमाग आणखी आले. ते जुन्या पॅंटी उसवून टाके मोजायचे, तांब्याचे रिव्हेट तोलायचे. आणि त्यांना कापड हवं होतं धोट्याच्या मागावरचं, ढिल्या ताणाने सावकाश विणलेलं, हाताला खडबडीत लागणारं. मग कोपऱ्यात धूळ खात पडलेले माग तेलपाणी करून पुन्हा चालू झाले. त्यांचे सुटे भाग आता बाजारात मिळत नाहीत, एक माग मोडून दुसरा जगवतात. आवाजावरून दुखणं ओळखणारे म्हातारे कारागीर आहेत, ते निवृत्त झाले की पंचाईत.

आणि आता तो लक्षात ठेवायला सांगितलेला शब्द काढा. एकसारखं. मित्सुईवाले साकिचींच्या कापडावर भाळले ते एकसारखं म्हणून. आयुष्यभर हा माणूस भांडला तो वितीवितीला बदलणाऱ्या पोताशी. आज त्याच्याच मागाचं कापड लोक दसपट पैसे मोजून घेतात, ते एकसारखं नाही म्हणून! सूतसुद्धा मुद्दाम कुठे जाड कुठे बारीक कातून घेतात. साकिची बघायला आले असते तर त्यांनी निमूटपणे पाना मागितला असता आणि माग दुरुस्त करून टाकला असता, असं मला वाटतं.

त्यांची कारियाची कंपनी आजही माग बनवते, पण हवेच्या झोतावर चालणारे. म्हणजे धोट्याला रिटायर करणाऱ्यांत टोयोडांचे वारसही आहेत. याच कंपनीने किर्लोस्करांबरोबर 1995 मध्ये बंगळूरजवळ सूतकताईची यंत्रं बनवायला सुरुवात केली, टोयोटा-किर्लोस्करच्या गाड्या त्यानंतर आल्या. म्हणजे किर्लोस्करांबरोबरही हे घराणं आधी सुताच्या वाटेनेच आलं.

नागोयात 1911 च्या त्याच कारखान्याच्या जागेवर 1994 पासून संग्रहालय आहे. तो गोल मागही तिथे आहे, धंद्यात न चाललेला. जुने माग तिथे चालवून दाखवतात. जीन्सचा मालक मावसभावाला म्हणालाय की एकदा जाऊन व्हिडिओ काढून पाठव, धागा तुटल्यावर माग थांबतो तो. अजून आलेला नाही.

दरम्यान विंगमध्ये मतदान झालं आणि नऊ विरुद्ध एक मतांनी ती जीन्स रविवारी धुवायचं ठरलं आहे. गार पाण्यात, उलटी करून. बादलीतलं पाणी निळं होईल, तेव्हा आपापले पांढरे शर्ट आधी उचलावेत.